वंगणाची वार्षिक मात्रा

कंपन्यांच्या तिमाही निकालांनंतर जो फोनवरचा कॉल होतो, त्यातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. कंपनीनं नफा कमावलेला असो की दिवाळं काढलेलं असो, प्रश्न विचारणारा शेअर बाजाराचा विश्लेषक आधी म्हणतो, “उत्तम आकड्यांबद्दल अभिनंदन.” मग म्हणतो, “माझे दोनच प्रश्न आहेत,” आणि पाच विचारतो. गेली एकोणीस वर्षं मी हेच करतो आहे. छोट्या तंत्रज्ञान कंपन्यांचे तिमाही आकडे वाचायचे, त्यांच्या मालकांना छळायचं, पुढच्या दोन-तीन वर्षांत कंपनी किती वाढेल याचा अंदाज लिहायचा आणि खाली एक शब्द टाकायचा : घ्या, ठेवा किंवा विका. या एका शब्दावर माझं बाणेरमधलं घर चालतं.

माझं नाव भरतेश मगदूम. मला एका जागी बसवत नाही, कॉल चालू असताना मी खोलीत येरझाऱ्या घालतो. तीन वर्षांपूर्वीच्या त्या कॉलवरही घालत होतो.

कंपनी होती तळेगावची, जानुका लिव्हिंग सिस्टिम्स. चारशे माणसं, एक कारखाना आणि एकच उत्पादन. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण सगळा महाराष्ट्र त्याला वंगण म्हणायचा. गुडघ्याच्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि त्यावर शरीर स्वतःच एक निसरडं प्रथिन सोडत असतं. वय झालं की ते बनवणाऱ्या पेशी थकतात, थर कोरडा पडतो, झिजतो, आणि माणूस जिना बघितला की देवाचं नाव घेतो. जानुकाच्या डॉ. निरुपमा देवस्थळींनी यावर जो तोडगा काढला तो ऐकायला विनोदी होता. नाकाच्या आतल्या पडद्यातून मसुराच्या डाळीएवढा कूर्चेचा तुकडा काढायचा. नाकातल्या या पेशी मोठ्या सोशिक, गुडघ्यात नेल्या तरी रुळतात. पाच आठवडे त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या, निसरडं प्रथिन भरपूर बनवण्याची सूचना त्यांच्या जनुकांत घालायची, समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलमध्ये त्या मिसळायच्या आणि सुईनं गुडघ्यात सोडायच्या. तिथे त्या चिकटून बसतात आणि कामाला लागतात. एकदा सुई घेतली की जन्मभराची ददात मिटली.

हे खरं होतं, मी घरात बघितलं होतं. माझी थोरली बहीण त्रिशला, म्हणजे आमची अक्का, मिरजेत खानावळ चालवते. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि ती तेवीसची. तिनं लग्न केलं नाही, खानावळ काढली. माझी फी, माझे बूट, माझं पुण्यातलं वसतिगृह, सगळं त्या चुलीपुढे उभं राहून तिनं भरलं. तीस वर्षं उभी होती, मग डावा गुडघा गेला. आम्ही जैन, तेव्हा वंगणाचं ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “कुठल्या जनावराचं न्हाई न्हवं?” मी म्हटलं, तुझ्याच नाकाचं आहे. ती इतकी हसली की तयार झाली. दोन महिन्यांनी बाहुबलीच्या डोंगराच्या सगळ्या पायऱ्या चढून तिनं वरून मला व्हिडिओ कॉल केला आणि काही न बोलता नुसता पाय दाखवला. मी ऑफिसात रडलो.

आणि त्यानंतरच्याच कॉलवर मी डॉ. देवस्थळींना विचारलं, “डॉक्टर, उत्तम आकड्यांबद्दल अभिनंदन. पण माणसाला गुडघे दोनच असतात. दोन्ही झाले की तुमचं गिऱ्हाईक संपलं. पुन्हा पुन्हा येणारं उत्पन्न तुम्ही आणणार कुठून?”

कॉलवर हशा पिकला. डॉक्टरांनी बाजारपेठ मोठी आहे वगैरे उत्तर दिलं, पण उत्तराआधी त्या जरा थांबल्या होत्या आणि ते थांबणं सगळ्यांनी ऐकलं. दोन दिवसांत शेअर चौदा टक्के पडला. आमच्या शेअर दलाली कंपनीच्या संशोधनप्रमुखांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

*

सव्वा वर्षानं डॉक्टरांनी मला कारखाना बघायला बोलावलं. बाई पन्नाशीच्या, उंच आणि बोलायला सरळ. काचेपलीकडे पेशींच्या पिशव्या पाळण्यासारख्या डुलत होत्या.

“नवी आवृत्ती काढतोय,” त्या म्हणाल्या. “या पेशींना एक कुलूप आहे. जगायला लागणारं एक द्रव्य त्यांना स्वतःला बनवता येत नाही, ते जनुक आम्ही काढून टाकलंय. वर्षातून एकदा सुईनं ते द्रव्य गुडघ्यात सोडायचं. त्याचे बारीक स्फटिक हळूहळू विरघळतात, बारा महिने पुरतात. नाही मिळालं तर पेशी चारेक आठवडे तग धरतात, मग मरतात.”

“असं का करायचं? पहिल्या आवृत्तीच्या चालताहेत की.”

“जनुकं बदललेल्या जिवंत पेशी माणसाच्या अंगात कायमच्या सोडायच्या, तर त्या थांबवायची सोय हवी. उद्या एखादी बेफाम वाढायला लागली तर? कुलूप असलेलं बरं. हे शास्त्र म्हणून योग्यच आहे, मगदूम.” मग त्यांनी डोक्यावरची कारखान्यातली टोपी काढली आणि कोरडेपणानं म्हणाल्या, “शिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं.”

मी हसलो. परतताना गाडीतच हिशेब मांडला. दर गुडघ्यामागे दर वर्षी ठरलेली रक्कम, आणि दर वर्षी गुडघे वाढत जाणार. यापेक्षा सुंदर आलेख मी आयुष्यात काढला नव्हता. अहवालाखाली लिहिलं : घ्या.

जुनी आवृत्ती बंद झाली आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अक्काच्या उजव्या गुडघ्यात नवी गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं फोन केला.

“तेच हाय न्हवं रं?”

“तेच गं. फक्त वर्षाला एक सुई.”

“कायमचं न्हाई?”

“जास्त सुरक्षित आहे हे.”

“तू म्हणतोस तर घेतो,” ती म्हणाली. आमच्या भागात बायकाही ‘घेतो-जातो’च म्हणतात, माझी पुण्याची बायको अजून त्याला हसते.

*

या वर्षी सोळा मेला जानुकाचे वर्षअखेरच्या तिमाहीचे निकाल आले. विक्री त्रेचाळीस टक्क्यांनी वाढलेली. कॉलवर अभिनंदनांचा नुसता पाऊस. माझ्या आधीच्या चारही जणांनी अभिनंदन केलं आणि मी माझ्या नंबराची वाट बघत ताळेबंदाचा जोडकागद चाळत होतो. तिथे एक आकडा डोळ्यांत खुपला. वितरकांकडून पैसे यायला पूर्वी साठ दिवस लागायचे, ते आता एकशे अठरा झाले होते.

याचा अर्थ आमच्या धंद्यात कुणालाही कळतो. माल वितरकाच्या गोदामात गेला की विक्री झाली असं धरतात, सुई कुणाच्या गुडघ्यात गेली की नाही हे कुणी बघत नाही. मार्च संपत आला की कंपन्या वितरकांना म्हणतात, चार महिन्यांचा माल आत्ताच उचला, पैसे सावकाश द्या. तिमाही गोरीगोमटी दिसते. याला आम्ही ‘कोंबणं’ म्हणतो. सगळे थोडंफार कोंबतात. मी दहा अहवालांत त्यावर नाक मुरडून पुढे गेलो असेन.

माझा नंबर येण्याआधी फोन वाजला. अक्का कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून कॉल सोडून तो घेतला.

“भरत्या, ती सुई मिळंना झालीया,” ती म्हणाली. “पंचवीस एप्रिलला माझं वरीस भरलं. आवटी डॉक्टर म्हणतात, माल न्हाई, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात गेलो की पुन्हा पुढच्या आठवड्यात. कालपासनं उजवा गुडघा करकर वाजाय लागलाय.”

मी कॅलेंडर बघितलं. पंचवीस एप्रिल अधिक चार आठवडे, म्हणजे तेवीस मे. सात दिवस.

“तू आधी का नाही सांगितलंस?”

“तुझ्या कामाच्या गडबडीत कशाला? आणि मला काय माहीत, गुडघ्याला तारीख असती म्हणून.”

पेशी एकदा मेल्या की सगळं पहिल्यापासून करायला लागतं : नाक, पाच आठवडे, सगळा खर्च. तोवर कोरडा गुडघा घासत राहणार, आणि अक्काच्या गुडघ्यात घासायला आता फार काही उरलेलं नव्हतं, हे गेल्या वर्षीच डॉ. आवटींनी सांगितलं होतं. उभं राहणं गेलं की तिची खानावळ गेली, आणि खानावळ गेली तर अक्काचं काय उरतं ते मला माहीत होतं.

त्या दिवशी मी घरभर फिरत पाच मोठ्या वितरकांना फोन केले. विश्लेषकाशी सगळे खुशीत बोलतात. हैदराबादवाला तर अभिमानानं म्हणाला, शीतगृहात चार महिन्यांच्या मात्रा रचून ठेवल्यात, साहेब, हललो तरी बाटली लागेल. दिल्लीतही तेच, अहमदाबादेतही तेच. पाच गोदामांत मिळून अठरा हजार मात्रा. मग सांगली-मिरजेच्या छोट्या वितरकाला लावला. तो वैतागलेलाच होता. “मार्चमध्ये चौपट माल उचला म्हणाले. माझ्याकडं एवढे पैसे कुठले आणि एवढा थंड डबा कुठला? नको म्हटलं. तर माझा नेहमीचा कोटाच कापून हैदराबादला दिला. आता कारखान्यात म्हणतात, सगळं मार्चमध्ये उपसलंय, नवीन जूनमध्ये.”

मी ज्या त्रेचाळीस टक्क्यांवर अहवाल लिहायला बसलो होतो, त्यात माझ्या बहिणीची सुई होती.

*

अठरा तारखेला सकाळी तळेगाव. डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही.

“सगळेच कोंबतात मार्चमध्ये,” त्या म्हणाल्या.

“तुमचा माल शाम्पू नाहीये, डॉक्टर. माणसं वाट बघताहेत.”

“मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला?” त्यांनी खुर्ची मागे सारली. “पुढच्या महिन्यात आम्ही नवे शेअर काढतोय. एकशे दहा कोटी. त्यातून दुसरा कारखाना होईल, मग तुटवडा राहणारच नाही. पण त्यासाठी ही तिमाही चांगली दिसायला हवी होती. तुम्ही आज ‘विका’ लिहिलंत तर ते पैसे येत नाहीत. पैसे नाही आले तर बँक आहे ते कर्ज मागेल. आणि मग काय होईल ते तुम्हीच सांगा. तुमचा धंदा आहे तो.”

माझ्या डोक्यात गणित आपोआप झालं. सहा ते नऊ महिन्यांत कंपनी बंद.

“बेचाळीस हजार गुडघे या कुलपावर आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “किल्ली फक्त आम्ही बनवतो. कंपनी बुडाली तर एका वर्षात ते सगळे बंद.”

“कुलूप काढता येत नाही?”

“गुडघ्यात गेल्यावर नाही.”

मी काचेपलीकडच्या पिशव्यांकडे वळलो. कंपनीची वाढ हा आजवर माझ्यासाठी एक आलेख होता. तो वाकडा झाला तर कुणाचे तरी पैसे जायचे, फार तर नोकऱ्या जायच्या. या वेळी तो वाकडा झाला तर बेचाळीस हजार माणसं जिन्याखाली अडकून राहणार होती. आणि सरळ राहिला तर दर मार्चला हेच होणार होतं, फक्त गुडघे जास्त असणार होते.

“हे कुलूप पैशासाठी घातलंत ना?” मी विचारलं.

“अर्धं,” त्या म्हणाल्या. “कुठलं अर्धं ते मला आता आठवत नाही. तुम्ही तो प्रश्न विचारलात, त्यानंतर बँकेनं तोच विचारला, मग गुंतवणूकदारांनी. सगळे हसूनच विचारत होते. कुलपाच्या पेशी प्रयोगशाळेत पडूनच होत्या.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. “तुमच्या घरी कुणाला आहे का?” त्यांनी विचारलं, आणि मी सांगून टाकलं.

त्या उठल्या. भिंतीतल्या शीतकपाटातून त्यांनी एक छोटी बाटली काढली. प्रत्येक खेपेतल्या काही मात्रा तपासणीसाठी बाजूला ठेवतात, त्यातली होती. ती एका थंड डब्यात घालून त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला.

“अहवाल लिहा, हवं ते लिहा. वितरकांकडच्या साठ्याचा उल्लेख मात्र शेअर विकून होईपर्यंत नको. एक महिना.”

“ही लाच झाली, डॉक्टर.”

“हो. दुसरा शब्द शोधायला मला वेळ नाही.”

मी डबा उचलला, ‘बरं’ म्हटलं आणि गाडीकडे जवळजवळ पळालो.

*

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी मिरजेत डॉ. आवटींच्या दवाखान्यात पोचलो. बाहेरच्या बाकांवर अकरा माणसं बसली होती. कुणी आजारी दिसत नव्हतं. सगळ्यांच्या हातात वंगणाचं ते निळं कार्ड होतं. रोज सकाळी येऊन विचारून जायचं, असा त्यांचा नेम झाला होता. अक्का तिसऱ्या बाकावर होती, उजवा पाय ताठ पुढे पसरून. एवढ्या वर्षांत मी तिला दिवसाउजेडी बसलेलं फारसं बघितलंच नव्हतं.

तिच्या शेजारी कोष्टी सर होते, शाळेत आम्हाला कवायत शिकवणारे. त्यांचे दोन्ही गुडघे नव्या आवृत्तीचे. “माझं बारा एप्रिललाच भरलं रे भरतेश,” ते म्हणाले. “चार आठवडे वर होऊन गेले. आवटी म्हणतात, आता सुई येऊन उपयोग नाही. तरी येतो. घरी बसून काय करू?”

मी अक्काला आत नेलं. डॉ. आवटींनी डबा उघडला, बाटली उजेडात धरली आणि माझ्याकडे बघितलं. “एकच?”

“एकच.”

“बाहेर आठ जणांची मुदत अजून संपलेली नाही,” ते हळूच म्हणाले. “त्यांना काय सांगू?”

मी अक्काकडे बघितलं. ती नको म्हणेल, अशी मला भीती होती. जेवायला बसलेल्या शेवटच्या पोराच्या पानात भात पडल्याशिवाय घास न घेणारी बाई ती. नको म्हणाली असती तर मी तिथेच तिच्या पाया पडलो असतो.

“द्या,” अक्का म्हणाली आणि तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं. “मला उभं ऱ्हायचंय.”

सुई घेताना तिनं डोळे मिटले नाहीत. बाहेर आल्यावर कोष्टी सरांनी विचारलं, “मिळालं व्हय, त्रिशला?”

मी काहीतरी थाप शोधत होतो. अक्का म्हणाली, “मिळालं, सर. भावानं एकच आणली होती, ती मी घेतली.”

“बरं झालं,” सर म्हणाले. बाकीचे माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होते. रिकामा होता तो, तरी मी पाठीमागे धरला.

*

खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. हाताखालच्या बायका भांडी घासत होत्या. अक्का पाय स्टुलावर ठेवून बसली आणि मी तिच्यापुढे उभा राहून सगळं ओकलो. कोंबलेला माल सांगितला, अठरा हजार मात्रा सांगितल्या, डॉक्टरांना दिलेला शब्द सांगितला. आणि शेवटी तीन वर्षांपूर्वीचा तो प्रश्नही सांगितला, जो मी आजवर बायकोलासुद्धा फुशारकीनंच सांगितला होता.

अक्कानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “म्हंजे माझा डावा गुडघा तुझ्या प्रश्नाच्या आधीचा, आन् उजवा नंतरचा.”

“हो.”

“बरं. आता तू खरं लिवलंस तर काय हुईल?”

“कंपनीला पैसे मिळणार नाहीत. बहुतेक बुडेल. मग पुढच्या मे महिन्यात तुझा—”

“माझं ऱ्हाऊ दे. आन् गप बसलास तर?”

“तर शेअर विकले जातील. नवा कारखाना होईल कदाचित. नवी माणसं सुया घेतील. आणि पुढच्या मार्चला आकडे कमी पडले की पुन्हा कुणाचा तरी कोटा कापतील.”

“आत्ता त्या बाकावर बसल्यात त्यांचं?”

“साठा कुठे पडून आहे हे छापून आलं तर दवाखाने ओरडतील. सरकारला हात घालावा लागेल. चार दिवसांत काही मात्रा इकडे येतीलही. नाही छापलं तर जून.”

“जूनपातूर त्यातले किती ऱ्हातील?”

ते दोघांनाही मोजता येत होतं.

“अक्का, तू सांग,” मी म्हटलं. मला आता एका जागी उभंही राहवत नव्हतं, मी टेबलांमधून फिरत होतो. “तू लिहू नको म्हण, मी नाही लिहिणार. तुझ्यासाठीच मी तो डबा उचलला. मला कंपनीचं, बाजाराचं काही पडलेलं नाही. तू नुसतं म्हण.”

अक्काचा चेहरा लाल झाला. ती मला मारते की काय असं मला पंचेचाळिसाव्या वर्षी वाटलं.

“माझ्या गुडघ्याआड लपतोस व्हय रं?” ती म्हणाली. “ल्हानपणी माझ्या पदराआड लपायचास, ते शोभून दिसायचं. सुई मी घेतली. मला पायजे होती म्हणून घेतली, बाहेर आठ माणसं बसल्याती हे बघून घेतली. त्याचं काय ते माझं मी बघतो. पण शबुद कुणी दिला? तू दिलास. मी न्हाई दिला. माझ्या नावावर गप बसाय मी तुला शिकवलं न्हाई.”

“पण पुढच्या वर्षी—”

“पुढच्या वर्षी बसून भाकऱ्या थापीन. तू तिथं बस. बस म्हणतोय न्हवं!”

मी बसलो. तिनं टेबलावरचं पाणी पुसलं, माझ्यापुढे ताट ठेवलं, आणि मी जेवलो नाही तरी चालेल पण लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं सांगून ती लंगडत आत गेली.

मी लॅपटॉप उघडला. अडीच तास लागले. पहिल्या ओळीत लिहिलं की विक्रीतली त्रेचाळीस टक्के वाढ खरी नाही, सुया खरोखर गुडघ्यांत गेल्या त्या धरल्या तर वाढ नऊ टक्के आहे. पाच गोदामांची नावं, गावं आणि प्रत्येकातल्या मात्रांचा आकडा लिहिला. ज्या भागांत कोटे कापले ती यादी लिहिली. कंपनीचं गिऱ्हाईक तिला सोडून जाऊ शकत नाही, याला मी आधीच्या तीन अहवालांत ‘बळ’ म्हटलं होतं. या वेळी ते ‘धोका’ या मथळ्याखाली घातलं, आणि तो धोका गुंतवणूकदाराला नसून गिऱ्हाइकाला आहे असंही लिहिलं. तीन वर्षांपूर्वीचा तो गुडघ्यांचा प्रश्न कुणी विचारला होता तेही लिहिलं. खाली एक शब्द टाकला : विका.

मग शेवटचं पान आलं. आमच्या नियमाप्रमाणे अहवाल पाठवण्याआधी विश्लेषकाला आपले हितसंबंध जाहीर करावे लागतात. तिथे दोन प्रश्न असतात आणि यंत्रानं दोन्हीपुढे आधीच ‘नाही’ भरून ठेवलेलं असतं. एकोणीस वर्षांत मी ते पान कधी वाचलं नव्हतं, नुसतं खाली सरकवलं होतं.

पहिला प्रश्न : विश्लेषकानं या कंपनीकडून गेल्या बारा महिन्यांत कोणताही लाभ स्वीकारला आहे का? मी ‘नाही’ पुसून ‘हो’ लिहिलं. तपशील : एक मात्रा, विनामूल्य, अठरा मे, तळेगाव. हे लिहिल्यावर माझी नोकरी राहणार नाही हे मला समजत होतं.

दुसरा प्रश्न : विश्लेषकाच्या जवळच्या नातेवाइकाचं या कंपनीत काही गुंतलेलं आहे का?

आतून अक्काचा आवाज येत होता. संध्याकाळच्या पिठाचं माप ती कुणाला तरी ओरडून सांगत होती, आणि ती उभी होती.

‘हो,’ मी लिहिलं. तपशील : सख्खी बहीण, उजवा गुडघा, पुढच्या वर्षीच्या एकोणीस मेपर्यंत.

आणि अहवाल पाठवून दिला.